वसईच्या घंटा आणि चिमाजी अप्पा



अजिंठ्याच्या वाटेवरील पहूर गावाच्या बाजूचे एक कुटुंब काही वर्षांपूर्वी नाशिकला आले असता मला त्यांच्यासोबत पंचवटीच्या घाटावर जाण्याचा योग आला. गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर म्हणून ओळखले जाणारे रामेश्वराचे मंदिर आहे. नदीकडील तटावर, छत्रीखाली, एक भली मोठी काशाची घंटा टांगलेली आहे. ही घंटा मूळची वसईच्या चर्चची, असे मी सहज सांगून गेलो. त्यावर त्या कुटुंबातील आजी बराच वेळ घंटेकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, की घंटा आपली आहे तर ती इथे कशी, आणि ज्याने ती नेली तो माणूस आपण वाईट समजायचा का? त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

ज्यांच्या पराक्रमामुळे वसईच्या घंटा महाराष्ट्राच्या मंदिरांत पोहोचल्या, ते चिमाजी अप्पा होत. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव थोरल्या बंधूंच्या सावलीत एखाद्या ओळीत येते. आपल्या प्रवचनांत तर ते येतच नाही. तथापि पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्तसभेच्या इतिहासाला त्यांच्याइतके वेगळे वळण देणारा दुसरा मराठा सेनानी दाखविता येणार नाही.

बालपण व घराणे

चिमाजी अप्पांचा जन्म इ. स. १७०७ च्या सुमारास झाला. औरंगजेब बादशहाचा मृत्यू झाला ते हेच वर्ष. वडील बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे, आई राधाबाई. बाळाजीपंतांना १७१३ साली छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे दिली. थोरला मुलगा बाजीराव, धाकटा चिमाजी, आणि भिऊबाई व अनूबाई या दोन बहिणी असा हा संसार होता. १७२० साली बाळाजी विश्वनाथ सासवड येथे निवर्तले आणि अवघ्या विशीतील बाजीरावांवर पेशवेपदाची जबाबदारी आली. चिमाजी तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते.

त्या दिवसापासून वीस वर्षे हे दोन भाऊ एकमेकांचा आधार बनून राहिले. बाजीराव धाडसी, वेगवान आणि सतत घोड्यावर असणारे, तर चिमाजी शांत, हिशोबी आणि धीराचे होते. बाजीराव मोहिमेवर निघाले की मागे राज्याचा कारभार, पैशाची तजवीज, सरदारांची समजूत आणि दरबारातील मनधरणी ही सारी कामे चिमाजींकडे येत. प्रकृती पहिल्यापासून नाजूक होती, परंतु कर्तव्याच्या आड त्यांनी ती कधी येऊ दिली नाही.

तरीही ते केवळ कारभारी नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेरा येथे झालेल्या लढाईत त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूर व त्याचा भाऊबंद दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणांगणावर पडले आणि माळव्याची वाट मराठ्यांना मोकळी झाली. एप्रिल १७३६ मध्ये कोकणात रेवसजवळच्या लढाईत जंजिऱ्याच्या सिद्दीचा प्रमुख सरदार सिद्दी सात हा चिमाजींच्या फौजेशी लढताना मारला गेला. १७३७ च्या अखेरीस बाजीरावांनी भोपाळ येथे निजामाला कोंडले, तेव्हा दक्षिणेकडून निजामाला कुमक मिळू नये म्हणून चिमाजी फौजेसह आपल्या खानदेशात तापीच्या काठी पहारा देत राहिले. भोपाळच्या विजयात तापीकाठच्या या पहाऱ्याचाही वाटा होता.

घरच्या आघाडीवर मात्र त्यांना दुःखच अधिक भोगावे लागले. ऑगस्ट १७३० मध्ये पत्नी रखमाबाई यांनी मुलाला जन्म दिला आणि त्याच महिन्यात त्या निवर्तल्या. पोरक्या झालेल्या त्या बाळाला आजी राधाबाईंनी वाढविले. पुढे १७६१ साली पानिपतच्या रणांगणावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते हेच.

वसईचा प्रश्न

आता आपण वसईकडे वळू या. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई व आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे होते. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन मठ आणि चर्चेस उभी राहिली. संत फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेले. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. आपल्या श्रद्धेची ही पाळेमुळे आपल्याला प्रिय आहेत आणि ती प्रिय असावीत.

परंतु सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या राजवटीत तलवार आणि क्रूस यांची गल्लत झाली. हिंदू प्रजेच्या उघड विधींवर बंधने आली, मंदिरे पाडली गेली. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा धाक उत्तरेकडेही पोहोचला. ज्या लोकांनी मराठ्यांना साष्टी व वसईवर चालून येण्यासाठी साकडे घातले, त्यांत स्थानिक देशमुख-देसाई घराणी होती. अंजूरचे गंगाजी नाईक हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. शुभवर्तमान बळजबरीने सांगता येत नाही, ही गोष्ट ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ साली, धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात स्पष्टपणे मांडली आहे. आपल्या पूर्वीच्या राज्यकर्त्यांना ते उमगले असते तर वसईचा इतिहास कदाचित वेगळा घडला असता.

युद्धाला राजकीय कारणेही होती. किनाऱ्यावरील व्यापार, साष्टीतील वखारीच्या जागेवरून झालेला वाद आणि पेशव्यांच्या वकिलाचा झालेला अपमान ही कारणे इतिहासकार देतात. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. वसई मात्र पडली नाही. पुढील मोहिमेची सूत्रे शाहू महाराज व बाजीराव यांनी चिमाजी अप्पांच्या हाती सोपविली.

वेढ्यातील एक उपासनावर्ष

१७३९ च्या जानेवारीत चिमाजींनी केळवे-माहीम व तारापूर जिंकले. तारापूरच्या तटावर त्यांचे आवडते सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. फेब्रुवारीत खुद्द वसईला वेढा पडला. वसई तीन बाजूंनी पाणी व दलदल यांनी वेढलेली असल्याने हल्ला उत्तरेकडील जमिनीच्या अरुंद पट्टीवरूनच करणे शक्य होते. समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्रे यांचे आरमार, जमिनीवर मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे व इतर सरदार, आणि आत उपाशीपोटी लढणारे पोर्तुगीज शिबंदीचे सैनिक असे चित्र होते.

आपण उपासनावर्षाच्या चौकटीतून हा वेढा पाहिला तर त्याची तीव्रता अधिक जाणवते. त्या वर्षी भस्म बुधवार ११ फेब्रुवारीला होता. म्हणजे वेढा आणि प्रायश्चित्तकाळ जवळजवळ हातात हात घालून सुरू झाले. चर्चच्या घंटेचे वर्ष ठरलेले असते. सकाळी, दुपारी व संध्याकाळी देवदूताच्या प्रार्थनेसाठी ती तीन-तीन ठोक्यांनी वाजते. मृत्यूच्या वेळी ती संथ लयीत वाजते. पवित्र गुरुवारी गौरवगीताच्या वेळी ती शेवटची घुमते आणि मग गप्प होते. वेदीजवळची हातघंटाही त्या दिवसांत मुकी असते, तिच्या जागी लाकडी खुळखुळा वाजतो. पुनरुत्थानाच्या जागरणविधीत गौरवगीत सुरू झाले की साऱ्या घंटा एकदम बोलू लागतात. १७३९ साली पुनरुत्थानाचा रविवार २९ मार्चला आला. तटाबाहेर सुरुंग खणले जात होते आणि आत त्याच तोफांच्या आवाजात तो सण आला. त्या पहाटे वसईच्या भाविकांच्या मनात काय आले असेल, याची आपण केवळ कल्पना करू शकतो. वसईच्या तटाआड तो त्यांचा शेवटचा पुनरुत्थान सण ठरला.

मे महिन्याच्या आरंभी मराठ्यांनी सुरुंग उडविले आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले. दोन दिवस अत्यंत घनघोर लढाई झाली. मराठ्यांची हजारो माणसे पडली. पोर्तुगीजांचा सरदार सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यातच ठार झाला होता, त्याच्या जागी कायतान द सोझा परेरा लढत होता. याच वेळी चिमाजींनी निर्वाणीचा निश्चय करून, किल्ला हाती येत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेने किल्ल्यात टाकावे, अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. अखेर दारूगोळा व माणसे संपत आल्यावर किल्ल्यातून पांढरे निशाण दिसले.

१६ मे १७३९ रोजी शरणागतीची कलमे ठरली. तो पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाचा आदला दिवस होता.

जेत्याचे औदार्य

दोन वर्षांचे युद्ध आणि अपार रक्तपात यांनंतर जेता सूड घेईल असे कोणालाही वाटले असते. चिमाजींनी तसे केले नाही. शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे व वाद्ये घेऊन, सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. ज्या नागरिकांना जायचे होते त्यांना आपली चीजवस्तू नेण्याची मुभा व त्यासाठी मुदत मिळाली. जे मागे राहतील त्यांना आपल्या धर्माने उपासना करण्याची मोकळीक देण्याचे मान्य झाले. २३ मे रोजी पोर्तुगीज वसई सोडून गेले. एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरातील स्त्री मराठ्यांच्या हाती लागली असता चिमाजींनी तिला मानाने परत पाठविले, अशीही एक कथा परंपरेने चालत आली आहे.

पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत यामुळे जवळजवळ संपुष्टात आला. सुमारे ३४० गावे त्यांच्या हातून गेली. मठांतील युरोपीय धर्मगुरू निघून गेले. तटातील चर्चेस ओस पडली आणि हळूहळू त्यांचे छत कोसळले. काही कुटुंबे पूर्वजांच्या धर्मात परतली. परंतु गावागावांतील शेतकरी, कोळी, बागायतदार अशी बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे मागेच राहिली आणि स्थानिक व गोव्याकडील धर्मगुरूंच्या आधाराने त्यांनी श्रद्धा जपली. कोणत्याही परकीय राजाचे पाठबळ नसताना ती टिकली. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो याच कुटुंबांच्या वंशजांच्या बळावर. आपली श्रद्धा परक्यांच्या राज्यावर उभी नव्हती, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

घंटांचा प्रवास

घंटा मात्र मागे राहिल्या आणि त्या विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. हत्तीवरून वाजतगाजत त्या नेल्या, अशी परंपरा आहे. सरदारांनी आपापल्या श्रद्धेच्या ठिकाणी त्या अर्पण केल्या.

भीमाशंकरच्या ज्योतिर्लिंगासमोर अशी एक घंटा आहे. तिच्यावर अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील साल आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावरील छोट्या घुमटीत दुसरी घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. म्हणजे जी घंटा चिमाजींच्या विजयाची खूण ठरली, ती बहुधा त्यांच्या जन्माच्या सुमारासच ओतली गेली होती. तिचे वजन सुमारे ६५० किलो असल्याचे सांगतात. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ते मंदिर १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधले. मालेगावचा भुईकोट किल्ला बांधणारे ते हेच. त्या घंटेचा नाद मैलोगणती ऐकू जाई, आणि गोदावरीच्या पुराची पातळी नाशिककर आजही नारोशंकराच्या घंटेवरून सांगतात. अष्टविनायकांपैकी पाली व अन्य काही ठिकाणच्या घंटाही वसईच्याच असल्याचे सांगितले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घंटा आणि तोफ या दोन्ही तांबे व कथील यांच्याच मिश्रणातून ओतल्या जातात, केवळ प्रमाण वेगळे असते. म्हणून युरोपात युद्ध आले की पहिला घाला घंटांवर पडे. जिंकलेल्या शहराच्या घंटांवर जेत्याच्या तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानला जाई. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या असंख्य घंटा वितळविण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने युरोपभरातून दीड लाखाहून अधिक घंटा उतरविल्या आणि त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. त्या राजवटी ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशांतच उदयास आल्या होत्या. चिमाजींच्या काळी मराठ्यांनाही तोफांची निकड होती, धातू महाग होता. तरीही या घंटा भट्टीत न जाता देवाच्या दारी गेल्या. त्यांच्यावरील क्रूस व मरियामातेची आकृती कोणी खरवडून काढली नाही. ज्या हातांनी त्या टांगल्या त्यांना त्या आकृतीचा अर्थ ठाऊक नसेल, पण ही वस्तू पवित्र आहे, एवढे त्यांनी ओळखले होते.

अखेरचे दिवस

विजयानंतर चिमाजींना सुख फार काळ लाभले नाही. १७३९ च्या अखेरीस मस्तानीच्या प्रकरणाने पेशव्यांचे घर दुभंगले. तिला नजरकैदेत ठेवण्यात चिमाजी व पुतणे नानासाहेब यांचा सहभाग होता आणि प्राणाहून प्रिय भावाशी त्यांचे अंतर पडले. थोर माणसांच्या चरित्रातही अशी जागा असते जेथे कर्तव्य, लोकलज्जा आणि प्रेम यांचा मेळ बसत नाही. १७४० च्या आरंभी निजामाचा पुत्र नासिरजंग याच्याविरुद्धच्या मोहिमेत दोघे भाऊ पुन्हा एकत्र लढले आणि फेब्रुवारीत मुंगी-पैठणचा तह झाला. त्यानंतर बाजीराव उत्तरेकडे निघाले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे ते निवर्तले. भावाची पुन्हा भेट झाली नाही.

चिमाजींनी स्वतः पेशवेपदाची अभिलाषा धरली नाही. नानासाहेबांना शाहू महाराजांकडून वस्त्रे मिळावीत म्हणून ते झटले. मात्र आठ महिन्यांच्या आत, १७ डिसेंबर १७४० रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची दुसरी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. वसईच्या किल्ल्यात आज त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि तेथून थोड्याच अंतरावर येशूसंघीय चर्चच्या अवशेषांत संत गोन्सालो गार्सिया यांचा सण दरवर्षी साजरा होतो.

आपण काय शिकावे?

आता पहूरच्या त्या आजींच्या प्रश्नाकडे येऊ. घंटा आपली होती, हे खरे आहे. ती गमावल्याचे दुःख खरे आहे, आणि ज्यांची चर्चेस ओस पडली त्या आपल्या पूर्वजांचे अश्रू विसरण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याचबरोबर, ज्या राजवटीविरुद्ध चिमाजी लढले तिने आपल्या शेजाऱ्यांना दुखविले होते, हेही खरे आहे. दोन्ही सत्ये एकत्र धरून चालणे अवघड असते. एक लपवून दुसरे सांगणे सोपे असते, पण त्याने मने स्वच्छ होत नाहीत. चिमाजी अप्पा आपले शत्रू म्हणून आले आणि विजयाच्या क्षणी त्यांनी शरण आलेल्यांना अभय दिले. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा आपल्याला आहे. त्यांनी ती ऐकली नव्हती, तरी जिंकलेल्या शत्रूला मानाने कसे वागवावे याचा धडा ते देऊन गेले. म्हणून त्या आजींना माझे उत्तर असे, की नाही, त्यांना वाईट समजायचे नाही.

आपण खानदेशात, नाशिकमध्ये, नगरकडे संख्येने थोडे आहोत आणि हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजाऱ्यांच्या सोबतीने राहतो. गोदाकाठी गेलात तर त्या घंटेखाली क्षणभर जरूर थांबा. ती परत मिळावी म्हणून नव्हे, तर तिचे आभार मानण्यासाठी. जी घंटा एकेकाळी वसईत देवदूताच्या प्रार्थनेसाठी वाजत असे, तीच जवळजवळ पावणेतीन शतके दुसऱ्यांच्या प्रार्थनेच्या घरी टांगलेली आहे. तिची मालकी बदलली, पण माणसांना देवाकडे हाक मारण्याचे तिचे काम बदलले नाही.

वसईच्या युद्धात दोन्ही बाजूंनी पडलेल्या सर्वांच्या आत्म्यांना प्रभू चिरशांती देवो, आणि आपल्या चर्चच्या घंटेचा नाद शेजाऱ्यांच्या कानी नेहमी शांतीचाच वाटो, हीच प्रार्थना.